लढाई संपल्यावर फौजेने का राहावं

परक्या देशात कायमचा लष्करी तळ हा शब्द काढला की गोव्यात पोर्तुगिजांची आठवण निघणारच. साडेचार शतकं सोसलेल्या भूमीला ती येणं स्वाभाविक आहे. पण त्या फौजेला इथल्या कुणी बोलावलं नव्हतं. यजमान देशाने करार करून ठेवून घेतलेली फौज ही निराळी गोष्ट, आणि युद्धानंतर ती राहावी असं माझं ठाम मत आहे.

कोरिया बघा. अमेरिकेने जून १९४९पर्यंत तिथलं लढाऊ सैन्य काढून घेतलं. उरले सुमारे ५०० सल्लागार. २५ जून १९५०ला उत्तरेचं सैन्य घुसलं आणि तीन दिवसांत सोल पडलं. जपानमधून घाईने जी पहिली तुकडी आली ती जेमतेम ५४० जणांची. तिच्या खांद्यावरून डागायच्या २.३६ इंची बझुकांना उत्तरेच्या टी-३४ रणगाड्यांचं चिलखत भेदेना. तोफांसाठी रणगाडाभेदी गोळे होते मोजून सहा! ५ जुलैला ओसानजवळ काही तासांत तिला माघार घ्यावी लागली. १९५३ला युद्धविराम झाला, त्याच वर्षी संरक्षण करार झाला, आणि आजही तिथे सुमारे २८,५०० अमेरिकी सैनिक आहेत. तसं आक्रमण पुन्हा झालेलं नाही.

माणसं विमानाने दिवसभरात पोचतात, रणगाडे आणि दारूगोळा जहाजाने यायला आठवडे लागतात. म्हणून धावपट्टी, इंधनाच्या टाक्या, कोठारं, इस्पितळ, धक्का हे सगळं आधीपासून तिथे हवं, आणि यजमान सैन्याबरोबरचा सराव तर हवाच.

बिघडतं ते कागदावर. सैनिकाने कामावर नसताना गुन्हा केला तर खटला यजमान देशाचा, हे बहुतेक करारांत असतं. पण आरोपी तोवर कुणाच्या ताब्यात? जपानच्या करारात आरोपपत्र दाखल होईपर्यंत तो अमेरिकेकडेच राहू शकत होता. १९९५ साली ओकिनावात तीन सैनिकांनी १२ वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला, तेव्हा याच कलमावरून बेट पेटलं. त्यानंतर खून-बलात्काराच्या प्रकरणांत आरोपी आधी सोपवण्याचा 'सहानुभूतीने विचार' करू, एवढंच अमेरिकेने मान्य केलं. हे पुरेसं नाही. ताबा अटकेच्या दिवसापासून यजमानाकडे हवा. शिवाय जपानची जेमतेम ०.६ टक्के भूमी असलेल्या ओकिनावावर देशातल्या अमेरिकी तळांची सुमारे ७० टक्के जागा लादणं हा उघड अन्याय आहे. गोव्यातल्या दाबोळीला आपल्याच नौदलाच्या धावपट्टीवर नागरी विमानांच्या वेळांवरून किती वर्षं कुरबूर चालली! परक्या सैन्याच्या बाबतीत लोक किती सोसतील?

आणि कराराची हद्द नकाशावर आखलेलीच हवी. अटलांटिकमधल्या अझोर्स या पोर्तुगालच्या बेटांवरचा लाजेस तळ अमेरिकेला हवा होता. पोर्तुगालची बाजू घेण्यामागे तेही एक कारण होतं, आणि गोवामुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ला, सुरक्षा परिषदेत अमेरिका भारताविरुद्ध उभी राहिली. पण नाटो करारातलं ६वं कलम युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकपुरतं होतं. गोवा त्यात बसत नव्हता, म्हणून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला त्या कराराच्या आधारावर इथे फौज मागता आली नाही.