नावाआधीचं 'डॉ.' आणि आईची कंबर

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन आठवडे युद्ध चालू आहे. गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीत 'ऑस्टिओपॅथी क्लिनिक' (म्हणजे सांधे-स्नायू हातांनी दाबून-ताणून उपचार) अशी पाटी लागली, आणि पाटीवर नावाआधी 'डॉ.' लागलं. बी विंगमधले बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, एमबीबीएस नसलेल्याने माणसाच्या मणक्याला हात लावता कामा नये. तळमजल्यावरच्या काकांनी सुनावलं की त्यांच्या गावचा हाडवैद्य तिसरीपर्यंत शिकलेला होता, आणि त्याने बसवलेला हात अजून नारळ फोडतो. मग कुणीतरी सप्टेंबर 2025 मधली ती बातमी टाकली. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 9 तारखेला पत्र काढलं होतं की फिजिओथेरपिस्टांनी 'डॉ.' लावू नये, आणि दुसऱ्याच दिवशी ते मागेही घेतलं होतं. झालं! दोन्ही बाजूंना एकाच बातमीत पुरावा मिळाला.

मी इंग्लंडमधून मध्ये बोलले. बोलू नये हे कळत होतं. मी एवढंच लिहिलं की 'डॉ.' आहे की नाही हे राहू द्या, आत गेल्यावर पेशंटला काय विचारतात आणि काय सांगतात ते बघा. पाच मिनिटांत बी विंगमधून उत्तर आलं: "तुम्ही तिकडचे नियम तिकडेच ठेवा. इथे एकशे चाळीस कोटी लोक आहेत."

हे एकशे चाळीस कोटींचं उत्तर मला अठरा वर्षं मिळतंय. फुटपाथ, हॉर्न, रांग, काहीही विचारा. गप्प बसले असते, पण त्या गल्लीतल्या क्लिनिकात आठवड्यातून दोनदा माझी आई जाते.

आता माझ्या कंबरेबद्दल. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, इथे रेडिंगला, सकाळी सात वाजता गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना उसण भरली. अशी की खरवडणी हातात आणि मी तशीच वाकलेली. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, तपासलं, हिंडत-फिरत राहा म्हणाला, फिजिओच्या यादीत नाव घातलं. चौदा आठवड्यांनंतरची तारीख आली. (हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. तिकडच्यांना आयतं कोलीत कशाला द्या.) शेवटी ऑफिसातल्या एकीने ऑस्टिओपॅथचं नाव दिलं. पहिल्या भेटीचे 65 पाउंड, स्वतःच्या खिशातून.

टेबलावर आडवं व्हायला मला पाऊण तास थांबावं लागलं. तिशीही न गाठलेली मुलगी समोर बसून विचारत होती. कधीपासून, काय करताना, रात्री झोपेतून उठवतं का, वजन आपोआप घटलंय का, ताप येतो का, कधी कर्करोग झाला होता का, गोळ्या कुठल्या, रक्त पातळ करणारी एखादी आहे का, हाडं ठिसूळ असल्याचं कुणी सांगितलंय का. मग तिने अजिबात न लाजता विचारलं की मांड्यांच्या मध्ये, बसतो त्या जागी, बधिरपणा आहे का, लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखं वाटतं का, दोन्ही पायांतली शक्ती गेल्यासारखी वाटते का. यातलं काहीही कधी झालं तर माझ्याकडे येऊ नका, त्याच क्षणी ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग, गाठा, असं तिने दोनदा सांगितलं. मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसांचा जुडगा दाबला गेला तर असं होतं. तिथे तास मोजावे लागतात.

नंतर उभं करून, वाकवून, पाय उचलायला लावून, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून तपासणी. किती कपडे काढावे लागतील हे आधी सांगितलं, हवं तर गाऊन घ्या म्हणाली, सोबत कुणी हवं असेल तर बसवू म्हणाली. तिच्या मते काय झालंय ते तिने मणक्याचा प्लॅस्टिकचा सांगाडा हातात घेऊन समजावलं. चकती 'सरकत' नाही, वशिंडासारखी फुगते, आणि बहुतेकदा आपोआप बरी होते. काय करणार, त्याने काय होऊ शकतं, दुसरे पर्याय कोणते, काहीच केलं नाही तर काय, हे सगळं. मग विचारलं, "करू का?"

माझ्या अंगाला हात लावण्याआधी एवढ्या गंभीरपणे परवानगी मला आयुष्यात कुणी मागितली नव्हती. लग्न धरून.

उपचार म्हणाल तर फार नाट्यमय नव्हता. स्नायू दाबणं-ताणणं, सांधे हळूहळू फिरवणं, आणि एकदा कंबरेत झटका देऊन 'कट्ट' आवाज. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो हे तिनेच सांगितलं. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. मानेला झटका देऊ का, असंही विचारलं. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघाताचा धोका अगदी क्वचित, पण असतो, असं सांगून विचारलं. मी नाही म्हटलं. तिने वहीत लिहून घेतलं आणि तो विषय तिथेच मिटला. एक-दोन दिवस अंग दुखेल म्हणाली, ते दुखलं. तीन-चार भेटींत फरक नाही पडला तर तुमचे पैसे घेत राहणं बरोबर नाही, हेही तिचंच वाक्य.

आणि या मुलीच्या नावाआधी 'डॉ.' नव्हतं. मिस नाही, मिसेस नाही, नुसतं पहिलं नाव. इथले सर्जनसुद्धा 'डॉक्टर' सोडून मुद्दाम 'मिस्टर' लावतात, हे बी विंगला लिहून कळवलं तेव्हा त्यांनी अंगठा दिला. उलटा की सुलटा, ते चष्म्याशिवाय दिसलं नाही.

ही सभ्यता त्या मुलीच्या आईवडिलांनी शिकवली असेल, पण तिच्यामागे कायदाही आहे. ब्रिटनमध्ये 1993 चा ऑस्टिओपॅथ कायदा आहे. जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या नोंदवहीत नाव नसेल तर स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणं हा गुन्हा. चार-पाच वर्षांची पदवी, दर तीन वर्षांत 90 तासांचं पुढचं शिक्षण, तक्रार आली तर चौकशी. नोंदवही कुणीही घरबसल्या बघू शकतं. अमेरिकेत गोष्ट आणखी वेगळी. अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरची तीन मुलं 1864 मध्ये मेंदूच्या आवरणाच्या तापात गेली, त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला, आणि त्यातून त्याने ही विद्या उभी केली. 1892 मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला पहिली शाळा. तिथल्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजांतून 'डीओ' ही पदवी घेऊन जो बाहेर पडतो तो आज पूर्ण डॉक्टर असतो, औषध लिहितो, शस्त्रक्रिया करतो. म्हणजे एकच शब्द तीन देशांत तीन माणसं दाखवतो, आणि भारतात ऑस्टिओपॅथीची अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. बरेचसे लोक मुळात फिजिओथेरपिस्ट असतात आणि वरून एखादा कोर्स करतात. फिजिओची नोंदणी असते, ती विचारता येते. ग्रुपवर तीन आठवड्यांत हे कुणी विचारलं नाही. 'डॉ.' लावावं की नाही यावर मात्र एकशे बारा मेसेज.

तळमजल्यावरचे काका म्हणतील, कायदा असून विद्या खरी ठरते का? नाही ठरत. माझ्या ओळखीच्या एकीने रडक्या बाळाला अशाच एका नोंदणीकृत माणसाकडे नेलं, त्याने बाळाच्या डोक्यावर अर्धा तास नुसते हात ठेवले. त्याला पुरावा फारसा नाही. कंबरदुखीबद्दलही नाइसच्या, म्हणजे कुठले उपचार करावेत हे ठरवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या, 2016 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की हाताने केलेले उपचार व्यायामाच्या जोडीने करून बघावेत, एकटे नकोत. हेही मी ग्रुपवर लिहिलं नाही. वादात आपली बाजू लंगडी करून कोण देतं?

आईचं वेगळं आहे. वय 74, हाडं ठिसूळ, ब्लडप्रेशरची गोळी, थायरॉइडची गोळी. तिला पहिल्या दिवशी काय विचारलं, असं मी फोनवर विचारलं. "काही नाही गं, कुठे दुखतंय विचारलं, मी दाखवलं." मग? "मग पदर खोचून पालथं झोपायला सांगितलं." पडदा होता? "होता. थोडा." एक्स-रेची फाइल तिने पिशवीतून नेली होती, ती पिशवीतच राहिली. दहा सीटिंगचे पैसे आधीच भरले, कारण आधी भरले की दोन फुकट. ठिसूळ हाडांच्या बाईला झटका द्यायचा नसतो हे त्या माणसाला माहीत असेलही. पण हाडं ठिसूळ आहेत हे त्याला कळणार कसं?

मी चिडले. आई म्हणाली, "अगं, पण बरं वाटतं. आणि तो किती छान बोलतो. त्याची आजी आपल्या चिपळूणचीच."

इथे माझी बोलती बंद होते. त्या रेडिंगच्या मुलीने मला विचारलं होतं, दुखणं कसं आहे, शार्प की डल? मी तिच्याकडे बघत राहिले. माझी कंबर चमकत होती, ठणकत होती, मधूनच कळ मारत होती, डाव्या पोटरीत ओढ होती, तळव्याला मुंग्या होत्या, आणि संध्याकाळी सगळं भरून यायचं. तिच्या फॉर्मवर दोन चौकोन होते. मी 'शार्प'वर खूण केली. शून्य ते दहा किती? सहा म्हटलं. सहा का, ते आजही सांगता येणार नाही. पाऊण तास तिने सगळं विचारलं आणि मी तिला साधं 'उसण' सांगू शकले नाही.

चरईत आमच्या आजीच्या वाड्यात एक पायाळू काका होते. पायाकडून जन्मलेले. कुणाला उसण भरली की त्यांना बोलावणं जायचं. ते यायचे, पेशंटला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे, पाठीला डाव्या पायाने तीनदा स्पर्श करायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. माहिती नाही, संमती नाही, नोंदवही नाही. आजी दुसऱ्या दिवशी पाट्यावर चटणी वाटायला बसायची. उसण बहुतेकदा दोन-चार दिवसांत आपली आपण जातेच, हे मला आता ठाऊक आहे. नाइसला आणि पायाळू काकांना जोडणारा हा एकच दुवा.

आणि आता जे ग्रुपवर कधीच लिहिणार नाही ते. गेल्या दिवाळीत मी ठाण्याला होते. नऊ तासांचं विमान, मग घोडबंदरला मावशीकडे रिक्षाने जाऊन-येऊन कंबर पुन्हा धरली. आई म्हणाली, चल माझ्याबरोबर. मी गेले. त्याच गल्लीत, त्याच टेबलावर. तो म्हणाला, "ताई, पालथ्या व्हा." मी झाले. काय करणार, का, त्याने काय होतं, एक अक्षर विचारलं नाही. तो कंबर दाबता दाबता तलावपाळीच्या लायटिंगबद्दल बोलत होता, मी हसत होते. मग त्याने मला सरळ केलं, हनुवटी हातात घेतली आणि मान एका बाजूला 'कट्ट' वाजवली, मग दुसऱ्या. रेडिंगला जिला मी नाही म्हटलं होतं तीच मान.

तोंडातून शब्द का फुटला नाही? नंतर खूप विचार केला. विचारलं असतं तर माझा आवाज बदलला असता. तो आवाज मला माहीत आहे, हॉटेलात 'पाणी बाटलीचं आहे ना' विचारताना येतो तो. मग तो माणूस तलावपाळीचं बोलणं थांबवून मला नीट, सावकाश, बाहेरून आलेल्या बाईला सांगतात तसं सांगू लागला असता. अर्धा तास मी इथलीच होते, आणि तेवढ्यासाठी मी मान त्याच्या हातात दिली. बी विंगमधल्या काकांना हे कळलं तर ते महिनाभर जेवणार नाहीत, आनंदाने.

तरीही आईसाठी मी कागद लिहून पाठवला, मोठ्या अक्षरांत. हाडं ठिसूळ आहेत हे सांगणे. गोळ्यांची यादी दाखवणे. झटका नको म्हणणे. पडदा पूर्ण ओढायला सांगणे. मुंग्या-बधिरपणा आला किंवा लघवीचं काही वाटलं तर क्लिनिकला नाही, थेट हॉस्पिटलला. आणि शेवटी: तुमचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारणे. आई म्हणाली, इतकं कोण विचारतं गं, त्याला वाईट वाटेल. कागदाच्या मागे तिने मेथी, आलं, अर्धा लिटर ताक असं लिहिलेलं मला व्हिडिओ कॉलवर दिसलं.

पण गेल्या मंगळवारी तिने विचारलं. सगळं नाही, हाडांचं आणि शेवटचं. हाडांचं ऐकून तो थांबला म्हणे, फाइल मागितली, चष्मा लावून एक्स-रे उजेडात धरला, आणि त्या दिवशी नुसता शेक देऊन तीन व्यायाम शिकवले. नोंदणीचं विचारल्यावर तो हसला.

"मावशी," तो म्हणाला, "मुलगी परदेशात असते का?"

मग त्याने भिंतीवरचं फ्रेममधलं सर्टिफिकेट दाखवलं आणि आईने माझ्यासाठी त्याचा फोटो काढला. तो आलाय. काचेवर ट्यूबलाइटचा पट्टा पडलाय, बरोबर आकड्यांवर. बाकी काचेत आई दिसते, कंबरेला पट्टा, दोन्ही हातांनी फोन धरलेला.