आठव्या महिन्यात सापडलं म्हणजे पाचव्यात चुकलं?

सोलापुरात व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय: पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल आली की बाळ निर्धोक. आठव्यात डोक्यात दोष निघाला तर आधीचा डॉक्टर चुकला, नाहीतर आताचा पैसे उकळतोय. आणि असं बाळ तसंही वाचत नाही.

पहिला दावा सगळ्यात घातक. 'व्हेन ऑफ गॅलेन माल्फॉर्मेशन' हा दुर्मीळ दोष घ्या. मेंदूच्या मधोमध धमन्या केशवाहिन्यांना वगळून थेट एका शिरेत उघडतात आणि ती शीर फुगते. ही चुकीची जोडणी सहाव्या ते अकराव्या आठवड्यातच होते, पण शीर दिसण्याइतकी फुगायला वेळ लागतो. त्यामुळे १८-२० आठवड्यांच्या तपासणीत बहुतेकदा काहीच दिसत नाही; निदान शेवटच्या तीन महिन्यांत होतं. तेव्हाही साध्या सोनोग्राफीत मध्यरेषेवर नुसती काळी पोकळी दिसते, पाण्याच्या गाठीसारखी. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारा कलर डॉपलर लावला की ती लाल-निळ्या रंगांनी भरून जाते. आत पाणी नाही, घुसळणारं रक्त आहे.

आपल्याकडे सातव्यात मुलगी अक्कलकोटला, मंगळवेढ्याला माहेरी जाते. डॉक्टर बदलतो, जुनी फाईल सासरीच राहते, आणि नवा दोष सापडला की संशय आधीच्यावर जातो. फाईल सोबत न्या.

पैशांचं म्हणाल, तर अशा थेट जोडणीतून रक्त जोरात परतत असल्यानं बाळाच्या हृदयावरही ताण येतो; म्हणून अशा वेळी गर्भाचा एमआरआय आणि त्याच्या हृदयाची इको सांगणं ही रीतच आहे. खात्री वाटत नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा, पण तपासणी टाळू नका.

'वाचत नाही' हे अर्धसत्य. मेंदूला आधीच मोठी इजा झाली असेल तर परिस्थिती खरंच कठीण असते. पण मेंदू शाबूत असेल आणि हृदय औषधांवर तग धरत असेल, तर काही महिन्यांनी जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन ती जोडणी बंद करतात. २०२३ मध्ये बॉस्टनला ३४ आठवड्यांच्या बाळावर आईच्या पोटातच अशा जोडणीवर उपचार झाला.

पोटात असताना हृदयावरचा ताण वारेमुळे हलका राहतो. नाळ कापली की सगळा भार हृदयावर येतो आणि काही तासांतच बाळाला धाप लागू शकते. अशा बाळाला अँब्युलन्समधून अडीचशे किलोमीटरवर पुण्याला न्यायचं, की कळा सुरू होण्याआधीच आईला तिथे दाखल करायचं, हे ठरवायची सवड त्या आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीनंच मिळते.