एक माणूस, एक जॅक, एक दुपार: पिकअपचा गिअरबॉक्स घरी उतरवण्याविषयीच्या दाव्याचा प्रतिवाद

स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षे फिरत आहे. त्याचा गोषवारा असा: पिकअपचा मॅन्युअल गिअरबॉक्स काढणे म्हणजे काही बोल्ट सोडणे, याहून जास्त काही नाही, एक माणूस, एक साधा जॅक आणि एक दुपार पुरते. गाडी गिअरमध्ये ठेवली की ती हलत नाही. इंजिन आपल्या माउंटिंगवर बसलेले असते, त्याला हात लावावा लागत नाही. तेल आत राहिले तरी बिघडत नाही. शेवटचा बोल्ट निघाला की खाली झोपून गिअरबॉक्स छातीवर घ्यायचा, क्लचची धूळ हवेच्या झोताने उडवायची, आणि परत बसवताना बोटभर फट उरली तर बोल्ट आवळून गिअरबॉक्स आत ओढून घ्यायचा.

हे काम घरी करूच नये, असे माझे म्हणणे नाही. मी ते केले आहे, आणि हत्यारे, सपाट जागा व धीर असलेल्या कोणालाही ते जमू शकते, यावर माझा विश्वास आहे. आक्षेप आहे तो या दाव्यातील प्रत्येक वाक्यावर, कारण ज्या ज्या ठिकाणी माणूस किंवा यंत्र जखमी होण्याची शक्यता असते, नेमक्या त्याच ठिकाणी हा दावा ‘काही करायची गरज नाही’ असे सांगतो.

पहिले विधान जॅकचे आणि गाडी गिअरमध्ये ठेवण्याचे. हायड्रॉलिक जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. आतल्या एका सीलवर तेलाचा सगळा दाब पेललेला असतो आणि ते सील गळू लागले की गाडी खाली येते. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे त्याहून घातक, कारण ते आधी वाकत नाहीत, कोणतीही सूचना न देता एकदम फुटतात. गाडी सपाट, टणक जमिनीवर, चासिसच्या मजबूत भागाखाली लावलेल्या जॅक स्टँडवरच टेकवली पाहिजे, आणि खाली शिरण्यापूर्वी तिला बाजूने जोराने ढकलून पाहिले पाहिजे. आता गिअरचा भरवसा. गाडी गिअरमध्ये थांबते ती चाक, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत गती वाटणारा गिअरसंच), प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची गती मागे नेणारा लांब दांडा), गिअरबॉक्स आणि इंजिन अशी साखळी अखंड असते म्हणून. या कामात सुरुवातीलाच प्रोपेलर शाफ्ट काढावा लागतो, म्हणजे साखळी तिथेच तुटते. त्याच्याही आधी मागचे एकच चाक अधांतरी झाले, तर साधे डिफरन्शियल जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला मोकळे फिरू देते. काही पिकअपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाशी शाफ्टवर असतो. तिथे शाफ्ट निघाला की हँडब्रेकही गेला. जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावणे हाच यावर उपाय आहे.

गाडी किती उचलायची, याविषयी तर हा दावा काहीच बोलत नाही. गिअरबॉक्सचा सर्वांत रुंद भाग म्हणजे बेल हाउसिंग, इंजिनाला बोल्टने जोडलेले, क्लच झाकणारे पुढचे कवच. तिची उंची आणि ज्यावर गिअरबॉक्स ठेवणार त्या जॅकची पूर्ण खाली बसलेली उंची यांची बेरीज करावी. गाडीची खालची कड त्या बेरजेहून वर असली पाहिजे. हा हिशेब आधी न केल्यामुळे गिअरबॉक्स सुटून खाली आला, पण गाडीखालून बाहेर निघेना, अशी अवस्था होते, आणि मग गाडी आणखी उचलण्याचा धोकादायक खटाटोप माणूस खाली अडकलेल्या वजनासकट करू लागतो.

बॅटरीची ऋण तार सर्वांत आधी काढावी. स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड तारेत चावी बंद असतानाही वीज असते आणि स्टार्टर तर काढावाच लागतो.

दुसरे विधान, इंजिनाला हात लावावा लागत नाही, हे. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून बहुतेक गाड्यांत तीन ठिकाणी टेकलेले असतात: इंजिनाच्या दोन बाजूंना दोन माउंटिंग, आणि तिसरे गिअरबॉक्सच्या शेपटीखाली, क्रॉस मेंबरवर, म्हणजे चासिसच्या आडव्या पट्टीवर. क्रॉस मेंबर काढला की या तिवईचा एक पाय जातो. इंजिन मागे झुकते, पुढचा पंखा आपल्या आवरणाला भिडतो, रेडिएटरचे पाइप ताणले जातात आणि इंजिनाची मागची बाजू केबिनच्या भिंतीला टेकू शकते. म्हणून इंजिनाच्या मागच्या भागाला स्वतंत्र आधार द्यावा. शक्य असेल तर तो ब्लॉकच्या कडेखाली असावा. तेलाच्या चेंबरखालीच द्यावा लागला तर मध्ये रुंद लाकडी फळी हवी, कारण पत्र्याचा चेंबर चेपून आतल्या तेल ओढणाऱ्या नळीला टेकू शकतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा असल्यास तडकू शकतो. येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे: बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट दिसावेत आणि लांब एक्स्टेन्शन लावलेली गोटी तिथपर्यंत पोहोचावी, म्हणून अनुभवी कारागीरही गिअरबॉक्सची शेपटी थोडी खाली सोडतात. पण ते आधारावर ठेवून, मोजून मापून सोडणे असते. त्या आधी गिअर लिव्हर केबिनमधून काढलेला असावा लागतो, नाहीतर तोच वर अडकतो.

तेल आत राहिल्याने काही बिघडत नाही, हे तिसरे विधान काही गाड्यांपुरते अर्धे खरे आहे. ज्या गिअरबॉक्समध्ये प्रोपेलर शाफ्टचे टोक मागून आत सरकलेले असते, तिथे ते टोक ओढताच मागच्या सीलमधून तेल बाहेर येते, आणि गिअरबॉक्स मागे झुकलेला असताना ते थेट खालच्या माणसाच्या अंगावर येते. तेल काढतानाचा क्रमही महत्त्वाचा आहे: भरण्याचा बोल्ट आधी सैल करून पाहावा, मगच निचऱ्याचा उघडावा. भरण्याचा बोल्ट गंजून बसला असेल आणि तेल आधीच काढलेले असेल, तर गाडी उभी राहते. परत भरताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घ्यावे. काही गिअरबॉक्सना जीएल-4 दर्जाचे (जीएल हे गिअर ऑइलच्या प्रतीचे वर्गीकरण) गिअर ऑइल लागते, काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल चालते, आणि डिफरन्शियलसाठीचे जीएल-5 सरसकट ओतले तर पितळी सिंक्रोनायझर (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये त्रास होऊ शकतो.

प्रोपेलर शाफ्ट काढण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर) खुणा कराव्यात, म्हणजे तो त्याच स्थितीत परत बसेल. तोल बिघडला तर वेगात थरथर येते. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच हलवणारा छोटा हायड्रॉलिक सिलिंडर) बाहेरून बसवलेला असेल तर नळी न उघडता तो बाजूला बांधून ठेवता येतो, मात्र त्यानंतर क्लच पेडल कोणीही दाबू नये, अन्यथा पिस्टन बाहेर निसटतो.

आता छातीवर घेण्याचे विधान, ज्यामुळे मी हे लिहायला बसलो. लहान पिकअपचा, अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स साधारण 35 ते 50 किलोंचा असतो. डॉज आणि शेव्हरलेच्या जड पिकअपमध्ये आलेला, बिडाच्या कवचाचा एनव्ही4500 हा गिअरबॉक्स जवळपास 90 किलोंचा भरतो. चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सला मागे ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे गती वाटणारी पेटी) जोडलेला असतो, जो शक्य तिथे आधी वेगळा करून उतरवावा. हे वजन सरळ उभ्या माणसाने उचलणे वेगळे आणि पाठीवर झोपलेल्या, कोपर जमिनीला टेकलेल्या, हात पुरते लांबवण्याइतकीही जागा नसलेल्या माणसाने पेलणे वेगळे. शिवाय गिअरबॉक्सचे वजन समतोल नसते. बेल हाउसिंग सुटली की तो एकीकडे कलंडतो. तो निसटला तर बरगड्या, चेहरा किंवा बोटे यांच्यावरच पडतो, आणि एकट्याने काम करताना वरचे वजन हटवायला दुसरे कोणी नसते. गिअरबॉक्ससाठीचा खास जॅक, किंवा चाके असलेल्या जॅकवर बसवलेली पाळण्यासारखी बैठक आणि तिला पट्ट्याने बांधलेला गिअरबॉक्स, आणि जवळ उभा असलेला दुसरा माणूस, या तीन गोष्टींवर तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे.

यात यंत्राचेही नुकसान आहे. इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्समधून पुढे आलेला दांडा) क्लच प्लेटच्या मधल्या खाचांतून पुढे जाऊन क्रँकशाफ्टच्या टोकातील पायलट बेअरिंगमध्ये टेकलेला असतो. हात थकून गिअरबॉक्स क्षणभरही त्या शाफ्टवर लोंबला, तर सगळा भार पातळ प्लेटवर येतो. माझ्या पहिल्या वेळी नेमके हेच झाले. परत बसवताना मी गिअरबॉक्स अर्ध्यावर लोंबता सोडून पाना शोधत होतो. गाडी सुरू झाली, पण क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स गिअर करकरत पडू लागला. सगळे पुन्हा उतरवल्यावर नवीन प्लेटचा मधला भाग वाकलेला दिसला.

हवेच्या झोताविषयी थोडक्यात: जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. ओलसर फडके किंवा ब्रेक क्लीनर वापरावे, झोत मारू नये.

शेवटचे विधान बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेण्याचे. फट उरते तेव्हा तिला कारण असते. चारही बाजूंनी सारखी फट असेल, तर बहुधा शाफ्टच्या खाचा प्लेटच्या खाचांशी जुळलेल्या नसतात किंवा प्लेट मध्यावर नसल्याने शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगच्या कडेला अडलेले असते. वर जास्त आणि खाली कमी, किंवा उलट, अशी फट असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे कोन वेगळे आहेत. एखाद्याच बाजूला असेल तर मध्ये तार किंवा पट्टी चेपली गेली आहे का, ते पाहावे. यांपैकी कोणतेही कारण बोल्ट आवळून दूर होत नाही. फार तर अ‍ॅल्युमिनियमच्या बेल हाउसिंगचा कान तुटतो, पायलट बेअरिंग चेपते किंवा प्लेट वाकते. म्हणून प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारे झाकण) बसवताना मध्य साधणारा दांडा आत घालून ठेवावा आणि तिचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत. बेल हाउसिंगच्या दोन छिद्रांत डोकी कापलेले लांब बोल्ट मार्गदर्शक म्हणून लावावेत. गिअरबॉक्स गिअरमध्ये घालून मागचे टोक हाताने हळूहळू फिरवत राहावे. खाचा जुळल्या की तो पुढे सरकतो आणि डॉवेल पिनांवर (जागा अचूक ठरवणाऱ्या खुंट्यांवर) बसून दोन्ही पृष्ठभाग हातानेच भिडतात. ते भिडेपर्यंत एकाही बोल्टला पाना लावू नये. फट राहिली तर गिअरबॉक्स पुन्हा थोडा मागे घ्यावा, जॅकची उंची आणि झुकाव इंजिनाच्या कोनाशी जुळवून पाहावा आणि पुन्हा पुढे सरकवावा. पहिल्यांदा करणाऱ्याची दुपार येथेच संपते, आणि म्हणून या कामासाठी मी दोन पूर्ण दिवस राखून ठेवतो.