रजिस्टर कपाटातच राहू द्या

संस्थेचा पुढच्या १० वर्षांचा आराखडा करायचं ठरलंच असेल, तर आधी एक खबरदारी घ्या. सभासदांचं रजिस्टर कपाटाबाहेर काढू नका. अहवालात वर्षानुवर्षं ‘१२०० आजीव सभासद’ छापत आलात ना? एकेक नाव घेऊन फोन लावले, तर किती हयात, किती पुण्याला मुलाकडे गेलेले, किती दोनदा नोंदलेले, हे दोन कार्यकर्ते पंधरा दिवसांत काढतील. मग मतदार यादीपासून गणपूर्तीपर्यंत, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीपर्यंत, सगळंच नव्याने मांडायला लागेल. त्यापेक्षा म्हैसमाळला चिंतन शिबिर घ्या. हवा छान असते. न्यायची ती कार्यकारिणीच. सभासद नेले की ते पावतीचं विचारतात.

शिबिरात खजिनदाराला फार बोलू देऊ नका. तो सांगेल, एकदाच घेतलेल्या १००० रुपयांवर सात टक्क्यांनी वर्षाला ७० रुपये व्याज येतं, आणि त्यात आपण त्या माणसाला नियतकालिकाचे चार अंक, दोन सूचनापत्रं, वर स्नेहसंमेलनाचं जेवण देतो. म्हणजे जेवढे आजीव सभासद वाढवाल तेवढा खड्डा मोठा. ते हजार रुपये ठेवीत आहेत की मागच्या वर्षीच्या मांडवात गेले, हेही तो विचारणार. अशा माणसाला भोजन समितीवर घ्या आणि आराखड्यात लिहा, ‘सभासदसंख्या दुप्पट करणे’.

उद्दिष्टं तीन नकोत, तीस असू द्या. तीनच असली की प्रत्येकापुढे माणसाचं नाव, तारीख आणि रक्कम लिहावी लागते. तिसांपुढे ‘संबंधित समिती’ लिहिलं की भागतं.

वार्षिक वर्गणी थकली असेल तर तिला थकबाकी म्हणू नका, अनुशेष म्हणा. विभागवार विकासाची तूट मोजणाऱ्या १९८४च्या दांडेकर समितीपासून हा शब्द आपल्या अंगवळणी पडलाय. आणि मराठवाड्यात अनुशेष म्हटलं की दोष मुंबईचा.

सर्वसाधारण सभा छत्रपती संभाजीनगरलाच, सकाळी ११ वाजता, ऐन सोयाबीनच्या सुगीत ठेवा. किनवटच्या सभासदाला आदल्या रात्रीच निघावं लागेल, म्हणजे तो निघणार नाही. ‘गणपूर्तीअभावी तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी’ ही ओळ सूचनापत्रात हवीच. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे संस्थेच्या घटनेतलं तेवढं एक कलम सगळ्यांना पाठ असतं. साडेअकराला आराखडा एकमताने मंजूर.

आराखड्याच्या मुखपृष्ठावर वेरूळचं कैलास लेणं घ्या. तेही कळसाकडून खाली कोरत आणलेलं आहे.

राहता राहिलं छपाईचं बिल. निवडणुकीनंतर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची माहिती, कुणी दिलाच नसेल, तर परिशिष्ट एकवर, म्हणजे तिथल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, अजून जुनीच मंडळी असतील, आणि बँकेने तो उतारा मागितला की धनादेशावर सही त्यांचीच लागेल. त्यातलं एखादं माणूस हयात असेलही. पत्ता रजिस्टरात सापडेल.