सर, कोण येतंय?

राज्यशास्त्रात पीएच.डी. करून, मतदार अमुकालाच मत का देतो, याचा मी अभ्यास करतो. मराठवाड्यात हा 'का' कुणालाच नको असतो. सगळ्यांना 'कोण' पाहिजे. दवाखान्यात नाडी धरून, लग्नात अक्षता पडायच्या आत, एकच प्रश्न: "सर, कोण येतंय?" न्हाव्यानंही तेच विचारलं. वस्तरा मानेवर असल्यानं मी त्याच्या उमेदवाराला लाखभर मतांनी निवडून आणला.

मतदानाच्या दिवशी दुपारी मामांचा फोन ठरलेला. मी कायदा पुढे करतो: लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२६-अ, मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल जाहीर करता येत नाही. "जाहीर कुठं करायलास? माझ्या कानात सांग," मामा म्हणतात. मामांचा कान म्हणजे मोंढ्यातला लाउडस्पीकर.

खरी परीक्षा गावात, सर्वेक्षणाला गेल्यावर. मतदार यादीतून ज्याचं नाव निघालं त्यालाच गाठायचं, शेजाऱ्याला विचारून चालत नाही, हा आमचा पहिला नियम. बीडकडं यादीत नाव असतं आणि दाराला कुलूप. "ते कोयत्यावर गेलेत." साखर कारखाने पेटले की ऊसतोडीला तांडेच्या तांडे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नाव न निघालेले मात्र पारावर तयार: "आमाला इचारा की!" पीकविम्याचे साहेब समजून सातबारा घेऊन येणारे वेगळेच.

बाईचं नाव निघालं तर खुर्ची ओढून नवरा बसतो. "तिचं न् माझं एकच असतंय." म्हणून आम्ही डमी मतपत्रिका नेतो. चिन्हांवर खूण करायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. एका आजीनं मालकाकडं पाठ केली, कागद गुडघ्यावर धरला आणि पेन वरून खालपर्यंत दर चिन्हावर टेकवत नेलं.

"आजी, एकालाच द्यायचं असतंय."

"कामून? पाया पडाया तर समदेच आलते." आणि घडी पेटीत सारत पुढं, "खरं मशिनीत दिलंय. ते तुला कामून सांगू?"

आता हे कोणत्या रकान्यात भरणार?

त्यात आमचा मतदार कुणाचं देणं ठेवत नाही. २०२४ च्या लोकसभेला इथल्या ८ पैकी एकच जागा महायुतीला दिली. नोव्हेंबरात विधानसभेच्या ४६ पैकी बहुतेक तिच्याच पदरात टाकल्या. बीडची लोकसभा तर ६,५५३ मतांवर ठरली, झालेल्या मतदानाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हजारभर लोकांना विचारलं तर तीन टक्के इकडंतिकडं होतातच, असं पानटपरीवाल्याला समजावलं. चुना लावता लावता तो म्हणाला, "मग सर, पगार कशाचा उचलता?" (त्याचा स्वतःचा अंदाज कधीच चुकत नाही, निकालानंतर तो बदलतो एवढंच.)

निकालानंतर विचारायला जावं, तर पडलेल्याला मत दिलेला माणूस गावात औषधाला सापडत नाही. लाखो मतं घेऊन पडला, ती देणारे बहुतेक कोयत्यावर गेले असावेत.

परवा घरीच प्रयत्न केला. बायको भाजी निवडत होती. सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू कुणाला दिलंस गं?"

तिनं मान वर न करता विचारलं, "यादीतून माझं नाव निघालंय का?"

"नाही."

"मग मला विचारून चालत नाही."