ताई, ते चित्र आतून अजून ओलं आहे

नमस्कार ताई,

गेल्या रविवारी संध्याकाळी तुम्ही घरच्यांना घेऊन आमच्या चित्रदालनात आलात आणि रात्री एक तारा देऊन अभिप्राय लिहिलात. दालनाचा मालक मीच, आणि तुमच्या मुलावर ओरडलो तोही मीच. माझा आवाज चढला, ते चुकलं. चार लोकांसमोर लहान मुलाला असं बोलायला नको होतं. तुमची आणि त्याचीही मनापासून माफी मागतो.

तुम्ही लिहिलंत की दालनात उकडत होतं, गाडी लावायला जागा नव्हती, किमती अव्वाच्या सव्वा आहेत, आणि प्रदर्शनाच्या नावात ‘माणसाचं जगणं’ असूनही भिंतींवर नुसती झाडंझुडपं आहेत. शेवटी लिहिलंत, ‘पोरानं नुसतं बोट लावलं, काही बिघडलंही नव्हतं, तरी मालक अंगावर खेकसले.’

उकाड्याचं खरं आहे. त्या संध्याकाळी वीज गेली होती आणि आमच्या इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात. कोल्हापुरातल्या पेठेतली जुनी गल्ली आहे, त्यामुळे गाडीचा प्रश्न रोजचाच. किमती चित्रकार स्वतः ठरवतात. चित्र विकलं तर आम्हाला ठरलेला हिस्सा मिळतो, बघायला मात्र आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही.

पण ‘काही बिघडलंही नव्हतं’ हे वाक्य चार दिवस झाले तरी मनातून जात नाही.

मुलानं हात लावला ते दाराजवळचं मोठं चित्र, ‘पांगशा’. आमचे चित्रकार शिरोळ तालुक्यातले, घरची शेती उसाची. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा त्यांचं रान कितीतरी दिवस पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर उसाचे शेंडे कुजलेले, पानांवर गाळ बसलेला. शेंडा मेला की ऊस वर वाढत नाही. मग कांड्यावरचे डोळे फुटतात आणि बाजूनं कोंब निघतात, त्यांना आपल्याकडे पांगशा म्हणतात. त्यातून साखर फारशी मिळत नाही, वजनही घटतं, शेतकऱ्याला ते नुकसानच. पण झाड जगायला बघत असतं. २०२१ ला पुन्हा तेच झालं. त्यांच्या घरातलं कर्तं माणूस त्याच काळात गेलं आणि धाकट्यांनी आपापल्या परीनं घर उभं ठेवलं. ताई, त्या चित्रातलं माणसाचं जगणं ते हे. माणूस काढला नाही म्हणून चित्रात माणूस नाही असं कसं म्हणायचं? शेजारच्या बाभळीच्या चित्रात डोक्याच्याही वर, फांदीला वैरण आणि साडीचा फाटका काठ अडकलेला आहे. पाणी कुठवर आलं होतं ते त्यावरून कळतं. ही गोष्ट मी तिथं उभं राहून सांगायला हवी होती, ती राहून गेली. चित्रकार अबालाल रहमानांनी रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी रंगवली त्या कोल्हापुरात झाडापाण्याच्या चित्रांची बाजू मांडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

आता बोटाचं. ‘पांगशा’ तैलरंगातलं आहे आणि त्यातले कोंब ब्रशनं काढलेले नाहीत. रंग सुरीनं उचलून कॅनव्हासवर थापलाय, काही ठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढा जाड. जलरंगातलं पाणी उडून जातं आणि चित्र वाळतं. तैलरंगात जवसाचं तेल असतं, ते उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेत घेत ते हळूहळू घट्ट होतं. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो. जाड थरावर मात्र वरून साय धरते आणि आतला रंग कित्येक महिने लोण्यासारखा मऊ राहतो. चित्र श्रावणात पुरं झालं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर त्याला आणखी वेळ लागतो. वरून बघणाऱ्याला ते वाळलेलंच वाटतं, म्हणून तुम्हाला तसं वाटलं यात मी तुमचा दोष धरत नाही.

काच का लावली नाही, हा प्रश्न कुणीही विचारेल. आमचं मूळ दुकान फ्रेमिंगचं. वडिलांनी जोतिबाच्या तसबिरींपासून लग्नाच्या फोटोंपर्यंत हजारो फ्रेमा बांधल्या, मीही तेच करत मोठा झालो. आतल्या खोलीतल्या जलरंगांना मी स्वतः काच लावली आहे, कागदाला टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालून. पण इतक्या जाड, आतून ओल्या तैलरंगाला काच टेकली तर रंग तिला चिकटेल. शिवाय सुरीचं काम तिरक्या उजेडातच दिसतं, काचेमागे ते मरतं.

आणि ताई, मी एकदम ओरडलो नाही. तुम्ही समोरच्या वडाच्या चित्रापुढे फोटो काढत होता, तेव्हा मी म्हणालो, ‘बाळाला जरा जवळ घ्या.’ दुसऱ्यांदा साहेबांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा मोबाईलमध्ये बघितलं. मुलानं मला विचारलं, ‘हा ऊस खरा आहे का?’ मी हसून ‘नाही’ म्हणालो आणि बिल करायला टेबलाकडे वळलो. परत बघतो तर त्यानं सगळ्यात वरचा कोंब चिमटीत धरलेला. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं. पोर हुशार आहे, एवढ्या चित्रांत त्यानं नेमका तोच कोंब धरला. माझा राग त्याच्यावर नव्हताच.

तुम्ही गेल्यावर बॅटरी तिरकी धरून पाहिलं. कोंबाच्या टोकाला नखाची खूण आहे, चंद्रकोरीसारखी, आणि वरची साय फाटून आतला ओला हिरवा बाहेर आला आहे. नवा रंग भरता येतो, पण तेवढ्याच भागाची चकाकी वेगळी दिसते. ते चित्र एका निवृत्त शिक्षकांनी उद्घाटनालाच ठरवलं होतं, खाली विकल्याची लाल टिकली तुम्हीही पाहिली असेल. त्यांना फोन करून हे सांगावं लागलं. ‘येऊन बघतो, मग ठरवू,’ म्हणाले. चित्रकारांना सांगणं त्याहून जड गेलं. ते एवढंच म्हणाले, ‘मुलाला बोलू नका.’ तोवर मी बोलून बसलो होतो.

नुकसानीचा एक रुपया मी तुमच्याकडे मागितला नाही आणि मागणारही नाही. पण तुमचा अभिप्राय वाचून काल एका बाईंचा फोन आला, ‘लहान मुलं आणली तर चालतील ना? तुम्ही ओरडता म्हणे.’ एका शाळेची मुलं येणार होती, त्यांच्याकडून अजून होकार नाही. फ्रेमिंगवर घर चालतं, दालन कसंबसं तगतं. माणसं आली नाहीत तर पुढच्या वर्षी हे दालन चालवता येईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. मुलांनी चित्रं बघावीत म्हणूनच तर दालन काढलं.

बदल करतो आहे. ‘हात लावू नये’ ही पाटी लहान होती, ती मोठ्या अक्षरांत आणि मुलांच्या उंचीवर लावतो. दोरीचं बघतो, जागा अरुंद आहे पण काहीतरी काढू. मुलांना हात लावून बघता येईल असा पूर्ण वाळलेल्या जाड रंगाचा एक तुकडा ठेवायचंही मनात आहे. पंख्यांचंही बघू.

एक तारा राहू दे, उकाडा आणि माझा आवाज त्याला पुरेसे आहेत. फक्त ‘काही बिघडलंही नव्हतं’ एवढं वाक्य काढा, ही विनंती. प्रदर्शन येत्या रविवारपर्यंत आहे, सकाळी ११ ते १ आणि दुपारी ४ ते रात्री ८. मुलाला घेऊन या. ऊस खरा का नाही ते चित्रकार स्वतः त्याला सांगतील, शनिवारी संध्याकाळी ते इथंच असतात.