निपाणी भागातलं हिरव्या तंबाखूचं दुखणं

निकोटिन हे तंबाखूच्या झाडाचं किडींविरुद्धचं हत्यार आहे, हे तुमच्या निकोटिनवरच्या लेखात छान सांगितलंय. पण आमच्या निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांसाठी पुढचा भाग जास्त महत्त्वाचा, तो राहिला. निकोटिन पानात तयार होत नाही. ते मुळांत बनतं आणि पाण्याबरोबर वर चढून पानात साठतं. शेंडा खुडला की झाडाला इजेचा इशारा मिळतो, मुळं आणखी निकोटिन बनवतात. पान जाड आणि कडक व्हावं म्हणून आपण खुडतोच की!

आता हे निकोटिन पाण्यात विरघळतं. थंडीत सकाळी दव पडलेल्या रानात फुटवे काढणाऱ्या, तोडणी करणाऱ्या बायकांच्या कातडीतून ते सरळ अंगात जातं. मळमळ, उलटी, गरगरणं, डोकं ठणकणं, हेच हिरव्या तंबाखूचं दुखणं. ज्यांना मशेरीचीही सवय नाही, त्यांना जास्त. दवाखान्यात मात्र पित्त म्हणून गोळी मिळते, किंवा "उपाशी राहिलीस का गं?" एवढंच विचारतात. केसपेपरवर "तंबाखू खाता का?" असतं, "तंबाखूच्या रानात काम करता का?" नसतं. तो रकाना कन्नडमध्ये छापा नाहीतर मराठीत, पण छापा. शंका असेल तर लघवीत कोटिनिन, म्हणजे अंगात निकोटिन मोडून बनणारं द्रव्य, तपासता येतं, ते निकोटिनपेक्षा बराच वेळ टिकतं.

दव उतरल्यावर कामाला लावणं, लांब बाह्या, हातमोजे, ओले कपडे लगेच बदलणं, साबणानं हात धुणं याला मालकाचा फार खर्च येत नाही. गरोदर बाईला आणि पोरांना तर या कामाला लावूच नये.